थांब, आता हसायला येईल

स्वतःच्या विनोदबुद्धीचा घरच्या घरी पंचनामा करून घ्यायचा असेल, तर रात्री जेवणं आटोपल्यावर सगळ्यांना टीव्हीसमोर बसवावं आणि ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका लावावी. मी हे वर्षानुवर्षं करत आलोय. त्यात माझं लक्ष पडद्याकडे नसतंच. मी तिरक्या नजरेने बायकोचा चेहरा न्याहाळत असतो. विनोद येणार असला की श्वास रोखतो, “थांब, आता हसायला येईल” असं पुटपुटतो, आणि तो येऊन गेला की तिच्याकडे आशेने बघतो. ती म्हणते, “काय? बघतोयस काय असा? गॅस चालू राहिलाय का?”

पहिली आडकाठी रंगाचीच. आईने ही मंडळी प्रथम पाहिली तेव्हा चष्मा पुसून पुन्हा लावला आणि विचारलं, “अख्ख्या गावाला कावीळ झालीये का रे?” मी समजावून सांगितलं, की चॅनेल बदलता बदलता माणसाचा अंगठा रिमोटवर थबकावा म्हणून हा पिवळा रंग, असं मालिकेचा कर्ता मॅट ग्रेनिंग स्वतः सांगतो. “थबकला हो अंगठा,” आई म्हणाली, “आता पुढे जाऊ दे की.”

तरी ती बसली. सिम्पसन कुटुंबाचा कर्ता होमर अणुवीज केंद्रात सुरक्षा निरीक्षक आहे, हे ऐकून तिला आधी बरं वाटलं. पर्मनंट नोकरी! मग तो कामावर झोपलेला दिसला. तिने त्याच्या बायकोला, मार्जला, त्याच क्षणी पदरात घेतलं. “बिचारी. एवढे निळे केस वर बांधायलाच तास जात असेल, त्यात हा असला नवरा.” मी तिला सांगत होतो की आई, हसायचं असतं. ती म्हणाली, “तिच्या जिवाला घोर आणि तू हसतोस?” आई मालिका बघताना माणसं बघते आणि मी विनोद बघतो, त्यामुळे एकाच सोफ्यावर बसून आम्ही दोन वेगळे कार्यक्रम बघत होतो.

होमर चर्चला दांडी मारून घरी लोळत पडतो तो १९९२चा भाग आईसाठी मी मुद्दाम निवडला होता, कारण त्यात गणपती आहे. भारतीय किराणा दुकानवाला अपू दुकानातच गणपतीची मूर्ती ठेवतो आणि होमर त्या मूर्तीपुढे शेंगदाणा धरतो. अपू चिडतो. मी जीव मुठीत धरून आईकडे पाहिलं. भावना दुखावण्याची वेळ हीच. आई शांतपणे म्हणाली, “नुसता शेंगदाणा? गुळाचा खडा तरी ठेवायचा बरोबर.” त्याच भागात होमरचं घर पेटतं. पुढच्या वेळी दुसरा भाग लावला, तर तिचा पहिला प्रश्न, “घराचं काय झालं? विमा होता का?” आता काय सांगू? पुढच्या भागात घर जसंच्या तसं असतं. कुणाला काही आठवत नसतं. मालिका डिसेंबर १९८९मध्ये सुरू झाली तेव्हा होमरचा मुलगा बार्ट दहा वर्षांचा होता आणि आजही दहाच वर्षांचा आहे. आईला हे साफ नामंजूर. आमच्या मालिकांत मेलेला माणूस परत आणायचा तर निदान प्लॅस्टिक सर्जरी तरी करतात, असं तिचं म्हणणं.

बायकोचं दुखणं निराळं. आपल्याकडे टीव्ही कानाने बघायची पद्धत आहे. गवार मोडत, कपड्यांच्या घड्या घालत, फोनवर नणंदेशी बोलत. मालिकावाल्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून सासूने भुवई उचलली की तीनदा ढॅण होतं आणि गवार मोडणारीची मान आपोआप वर येते. विनोदी कार्यक्रमात तर परीक्षक खुर्चीतून घसरेपर्यंत हसतात, म्हणजे विनोद झाल्याची पोच मिळते. सिम्पसन्सवाले अशी पोच देतच नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक कौटुंबिक विनोदी मालिकांत पाठीमागून हशा ऐकू यायचा त्या काळात यांनी हशा ठेवलाच नाही. वर अर्धे विनोद डोळ्यांसाठी. चर्चबाहेरच्या फलकावर काहीतरी लिहिलेलं असतं, दुकानाच्या पाटीवर काहीतरी असतं, सुरुवातीला बार्ट फळ्यावर शिक्षेची ओळ लिहितो ती बहुधा दर भागात वेगळी असते. मी टीव्ही थांबवतो, मागे नेतो, पाटी वाचून दाखवतो. बावीस मिनिटांचा भाग पाऊण तास चालतो. बायकोने एकदा विचारलं, “हे बघायचं असतं की तपासायचं?”

तिला नावं ठेवायला मी धजत नाही, कारण तिच्या बाजूला वजनदार साक्षीदार आहे. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनी जाहीरच सांगितलं होतं, की इतकं मूर्खपणाचं काही आपण पाहिलेलं नाही. मालिकेवाल्यांनी मार्जच्या नावाने त्यांना नम्र पत्र पाठवलं आणि बार्बराबाईंनी उलट टपाली माफी मागितली. बायकोला मी हे कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, “मला आलं पत्र, की बघू.”

अरबी प्रेक्षकांसाठी २००५मध्ये हीच मालिका ‘अल शमशून’ नावाने आणली होती. होमरचा ओमर झाला आणि त्याच्या हातातली बिअर काढून सोडा दिला. होमरचं निम्मं चारित्र्य त्या ग्लासात आहे! सोडा पिऊन घरी येणारा बाप सज्जन दिसतो फक्त, त्याला हसायचं कशाला? तो प्रयोग काही चालला नाही. उलट मेक्सिकोत केलेलं स्पॅनिश रूप लॅटिन अमेरिकेत असं रुजलं, की तिकडे होमेरो म्हणजे घरचाच माणूस.

माझ्या चुलतभावाचा मुलगा न्यू जर्सीत वाढला. तो आला तेव्हा मला वाटलं, चला, हक्काचा जोडीदार मिळाला. अपूचा भाग लावला तर तो उठून बाल्कनीत गेला. त्याच्या वर्गातली पोरं त्याला अपूच्या हेलात ‘थँक यू, कम अगेन’ म्हणायची. तो आवाज हँक अझारिया नावाच्या गोऱ्या नटाचा. त्यावर २०१७मध्ये भारतीय वंशाचा अमेरिकन विनोदवीर हरी कोंडाबोलूने माहितीपट काढला, पुढे २०२०मध्ये अझारियाने अपूचा आवाज सोडला, हे सगळं मी त्याला पाठ म्हणून दाखवलं. तो म्हणाला, “काका, तू टीव्ही बंद करून झोपायचास. मला सकाळी त्याच्याबरोबर शाळेत जावं लागायचं.” मी चॅनेल बदललं. क्रिकेट लागलं होतं.

एप्रिल २०१८मध्ये या मालिकेने ‘गनस्मोक’ या जुन्या अमेरिकन मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मोडला, आणि आता गाडी साडेसातशेच्या पुढे गेलीये. म्हणजे दाखवायला भरपूर, पण दाखवायचं कुणाला? अशात सासरे चेंबूरहून आमच्याकडे ठाण्याला राहायला आले. महापालिकेतून निवृत्त. कार्टून म्हणजे पोरांचं, हे त्यांचं मत. मी काही लावणार नव्हतो, पण आपोआप पुढचा भाग सुरू झाला, तो नेमका जानेवारी १९९३चा मोनोरेलचा. सिम्पसन्सच्या स्प्रिंगफील्ड गावाला दंडापोटी तीस लाख डॉलर मिळतात. मार्ज म्हणते, त्यातून मुख्य रस्ता दुरुस्त करू. तेवढ्यात एक गोडबोल्या येतो, गाणं म्हणतो आणि अख्ख्या गावाच्या गळ्यात मोनोरेल मारतो.

सासरे सरळ होऊन बसले. “रस्ता नको, मोनोरेल पाहिजे! अरे वा!” गाडीत मुंगुसासारखं काहीतरी बिऱ्हाड करून राहिलेलं निघालं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. ब्रेक लागेनात तेव्हा ते खोकेपर्यंत हसले. वडाळा–चेंबूर मोनो २०१४ला सुरू झाली तेव्हा ते पहिल्याच आठवड्यात नातवाला घेऊन बसले होते. २०१७मध्ये म्हैसूर कॉलनीला डबे जळाले आणि गाडी कित्येक महिने बंद राहिली. ऑगस्ट २०२५च्या पावसात गर्दीच्या भाराने ती वरच अडकली आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून माणसं उतरवली, ते तर त्यांनी बातम्यांत दिवसभर पाहिलं होतं. हा भाग जुन्या अमेरिकन संगीतिकेतल्या भामट्याची नक्कल आहे, त्यात येणारा लेनर्ड निमॉय म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक, हे मी सांगत होतो. त्यांच्या कानावरून गेलं. त्यांना त्यातलं काही लागलंच नाही. चेंबूरचा पत्ता पुरला.

“हे तीस वर्षांपूर्वी काढलं? आपली मोनो यायच्या आधी?” त्यांनी मला दोनदा विचारलं.

तेव्हापासून त्यांना दुसरा भाग चालत नाही. “ती रेल्वे लावा” म्हणतात. परवा सोसायटीच्या कट्ट्यावरचे तीन मित्रही घेऊन आले. बायकोने चहा टाकला, आई मार्जसाठी येऊन बसली. होमर मोनोचा ड्रायव्हर होतो तिथे मला राहवेना, मी टीव्ही थांबवून मागची पाटी दाखवायला रिमोट उचलला. सासऱ्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“जावईबापू, जरा गप्प बसा. पुढे ब्रेक जायचेत.”