हेडफोन, सासूबाई आणि रात्रीचा मारवा

हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसाला सगळे दोनच प्रश्न विचारतात, बजेट किती आणि वायरलेस का वायरवाला. माझी अट ऐकली की लोक जरा मागेच सरकायचे. मला असा हेडफोन हवा होता की कानाला लावला की, जिथं पूर्वी सवाई गंधर्व महोत्सव व्हायचा त्या रमणबागेच्या मैदानात भारतीय बैठकीवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे आणि शेजारच्याला मात्र बाई नुसतीच डोळे मिटून बसलीये एवढंच कळलं पाहिजे. बस. एवढंच.

आमचं घर कोथरूडला, टू बीएचके. एका खोलीत बारावीतलं कार्टं, दुसरीत नवरा, तो साडेदहाला आडवा होतो तो थेट सकाळी उभा होतो, आणि हॉलमध्ये दिवाणावर सासूबाई, कारण हॉलचा पंखा चांगलाय आणि दाराची बेल वाजली तर ती सगळ्यात आधी त्यांना कळली पाहिजे. मला उरली डायनिंग टेबलची खुर्ची, तीपण हॉलमध्येच. ऑफिस, स्वयंपाक, उद्याच्या डब्याची भाजी निवडून झाली की माझं गाणं सुरू होणार रात्री दहाला आणि दहाला तर लाउडस्पीकर बंद. १९५३ साली सुरू झालेला आपला सवाई, एकेकाळी रात्र रात्र चालायचा, त्यालाही या दहाच्या नियमानं आवरतं घ्यायला लावलं, तिथं आमच्या हॉलची काय कथा.

तोपर्यंत मी फोनबरोबर आलेले इअरफोन वापरत होते. त्यात काय व्हायचं, तबला डाव्या कानात, पेटी उजव्या कानात आणि गायक थेट माझ्या टाळूवर मांडी घालून. तानपुरे तर सर्दी झाल्यावर जिथं दुखतं तिथं, कपाळाच्या मागे. मैफल अशी नसते हो. मैफलीत माणसं समोर बसतात, त्यांच्यात अंतर असतं, ते अंतरपण ऐकू येतं. आता याचं कारण असं की स्पीकर लावला तर डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही जातो, फक्त जरा उशिरा आणि मध्ये डोकं आल्यामुळे जरा दबून. हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. तेवढ्यावरून आपला मेंदू कोण कुठे बसलंय ते ठरवतो. हेडफोनमध्ये डावीकडचं फक्त डाव्या कानाला, उजवीकडचं फक्त उजव्या, मग मेंदू गोंधळतो आणि सगळ्यांना डोक्यातच जागा करून देतो. हे मला बारावीतल्या कार्ट्यानं शिकवलं, फिजिक्स सोडून. त्याला साउंडस्टेज, म्हणजे कुठला आवाज कुठून आणि किती लांबून येतोय असं वाटतं, हा विषय पाठ कारण गेममध्ये मागून कोण येतंय ते पावलांवरून कळायला लागतं म्हणे. पेपरात असलं काही विचारत नाहीत ही आमच्या घराण्याची शोकांतिका.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं नॉइज कॅन्सलिंग घे ना, प्रश्नच मिटला." आणि मग त्यानं बोस कंपनीच्या अमर बोस यांची गोष्ट सांगितली, १९७८ साली विमानात हेडफोन लावला, इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येईना म्हणून तिथंच बसून बाहेरचा गोंगाट मारायची गणितं मांडली वगैरे. ही गोष्ट तो पाहुण्यांनाही सांगतो. मी म्हटलं, अरे पण ते इंजिन बाहेर ठेवायला होतं, माझा प्रश्न उलटा आहे, मला माझंच गाणं आत ठेवायचंय. तुझ्या त्या कॅन्सलिंगनं मला आई ऐकू येणार नाहीत, पण आईंना मी येईनच की. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, पहिला अर्धा फायदा काही वाईट नाहीये.

मग एका शनिवारी आम्ही तपकीर गल्लीत गेलो. दुकानदारानं काउंटरवर खोक्यांचा ढीग लावला, पण कानाला लावायचं म्हटलं की चेहरा पाडायचा. "सील उघडलं की घ्यावं लागेल मॅडम." म्हटलं अहो चप्पलसुद्धा घालून बघतो आपण. तेव्हा त्यानं आतून डेमोचा एक काढला, त्याचे पॅड बऱ्याच कानांवर बसून चपटे झालेले, वरचं कव्हर पोपडे निघाल्यासारखं, त्याचे काळे तुकडे माझ्या कानामागे घरी येईपर्यंत चिकटलेले होते. त्यावर त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून धडाम धडाम काहीतरी लावलं. "बास बघा." मी म्हटलं बास छान आहे, साउंडस्टेज कसा आहे? त्यानं खोकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि पूर्ण आत्मविश्वासानं सांगितलं, "ब्लूटूथ ५.३ आहे."

पुढे रात्री जागून जेवढं वाचलं त्यातनं मुद्दा एवढाच हाती लागला की हेडफोनचा पडदा हलतो तेव्हा आवाज कानाकडे जातो तसाच मागेही जातो. ओपन बॅकमध्ये मागे जाळी असते, मागचा आवाज निघून जातो, कानाशी काही घोटाळत नाही, म्हणून गाणं मोकळं वाटतं. क्लोज्ड बॅकमध्ये मागे भिंत. मागचा आवाज आत कोंबलेल्या कापसानं, फोमनं मुरवायचा आणि जो मुरला नाही तो परत कानावर येऊन आदळतो, मग वाटतं आपण बाथरूममध्ये मैफल ऐकतोय. म्हणजे ज्या जाळीमुळे मैदान मिळतं त्याच जाळीतून गाणं सासूबाईंकडे जातं. दोन्ही एकदम हवं असेल तर तो भौतिकशास्त्राशी पंगा आहे आणि भौतिकशास्त्र कोथरूडकरांनाही डिस्काउंट देत नाही. १९६८ साली सेनहायझर कंपनीनं पिवळ्या स्पंजचा एचडी ४१४ हेडफोन आणला तेव्हापासून ही मोकळी पाठ चालू आहे, आणि २००९ चा त्यांचाच एचडी ८०० तर असा की ५६ मिलिमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, कानापासून लांब आणि तिरके बसवलेत, म्हणजे आवाज समोरून आल्यासारखा वाटावा. त्याची किंमत मी नवऱ्याला दाखवली नाही. मीही पुन्हा बघितली नाही.

तरी एकदा ऐकून तर बघू म्हणून नवऱ्याच्या बाणेरच्या मित्राकडून एक ओपन बॅक शनिवार-रविवारपुरता मागून आणला. रात्री अकराला लावला, आणि काय सांगू. गायक टाळूवरून उतरला! तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला, तानपुरे मागे, जिथे असायला हवेत तिथेच. मध्येच कुणीतरी खोकलं तर मी चक्क मान वळवून बघितलं. मारवा रागातला तो कोमल रिषभ असा लांबून येत होता की अंगावर काटा आला, आणि मी डोळे मिटले तोच दिवाणावरून आवाज आला.

"मारवा?"

मी हेडफोन काढला. "झोपला नाहीत का आई?"

"मारवा? आत्ता? अकरा वाजलेत."

सासूबाई गाण्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिलेल्या, सवाईला शाल पांघरून पहाटेपर्यंत बसलेल्या, त्यांना आवाज येतोय याचं काही वाटलं नव्हतं, सूर्यास्ताचा राग झोपायच्या वेळी वाजतोय याचं वाटलं होतं. मी म्हटलं रेकॉर्डिंग आहे हो, कधीही ऐकता येतं. "येतं ना," त्या म्हणाल्या, "पोहेपण रात्री अकराला करता येतात." आणि कूस बदलली. सकाळी चहा पिताना त्यांनी त्या कलाकाराचा तबलजी दुसऱ्या बंदिशीत कसा घाई करत होता तेही सांगितलं. म्हणजे बाईंनी अख्खी मैफल ऐकली होती, माझ्या कानाबाहेर बसून.

ओपन बॅक परत गेला. मग नवऱ्यातला इंजिनियर जागा झाला, क्लोज्ड बॅकच घ्यायचा पण त्यातल्या त्यात कमी गळणारा, आणि हे मोजून ठरवायचं. हेडफोन नुसता टेबलावर ठेवून गळती कळत नाही, कारण डोक्यावर बसल्याशिवाय पॅड सील होत नाही. स्टुडिओत रेकॉर्डिंगसाठी नॉयमन कंपनीचं डमी हेड असतं म्हणे, डोक्याच्या आकाराचं, कानात माइक बसवलेलं. "आपल्याकडे काय आहे?" म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि लाल भोपळा घेऊन आला. भाच्याकडून आणलेला हेडफोन भोपळ्याला घातला, गाणं लावलं आणि मोबाइलवरचं डेसिबलचं अ‍ॅप चालू करून तो हॉलभर फिरत राहिला, दिवाणाशी एक रीडिंग, बेडरूमच्या दाराशी एक, वहीत नोंदी. गळत होतं भरपूर, कारण भोपळ्याला खाचा असतात आणि पॅड त्या खाचांवर टेकतच नाही. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्याचं ऐकून झालं की सांगा, मला घारगे करायचेत." मुलगा आतून ओरडला, कलिंगड घ्यायचं ना बाबा, स्मूथ असतं. फिजिक्स चांगलं आहे पोराचं, फक्त लिहीत नाही.

शेवटी एक क्लोज्ड बॅक घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल. मोठे कप, कान पूर्ण आत जातो, ड्रायव्हर थोडे तिरके, आणि मुलानं फोनमध्ये क्रॉसफीड चालू करून दिलं, म्हणजे डाव्या बाजूचं थोडंसं गाणं मुद्दाम उशिरानं उजव्या कानाला पाठवायचं, स्पीकरसारखं. बाउर नावाच्या माणसानं हे १९६१ सालीच मांडून ठेवलंय. गायक टाळूवरून खाली आला, अगदी समोर नाही, पण नाकाच्या टोकापर्यंत तरी आला. माझं मत विचाराल तर रमणबाग नव्हे, पण भरत नाट्य मंदिराची बऱ्यापैकी पुढची रांग. चालेल.

त्या रात्री मी शहाण्यासारखा बागेश्री लावला. रात्रीचा राग, वेळेवर. आलाप संपायच्या आत दिवाणावरून समाधानानं, "हां, आता कसं."

म्हणजे अजूनही गळतंय! नवरा झोपेतून उठून आला, अ‍ॅप घेऊन माझ्या डोक्याभोवती फिरला, आणि माझ्या कानाच्या वर बोट ठेवून म्हणाला, "भोपळा." मी म्हटलं तोंड सांभाळ. तर तो चष्म्याबद्दल बोलत होता. चष्म्याची जाड दांडी पॅडखाली येते, तिथं फट राहते, त्या फटीतून गाणं बाहेर जातं आणि वर तबल्याचा डग्गाही निम्मा उडतो. चष्मा काढून लावलं तर दिवाण शांत. पण चष्मा काढला की मला फोनवरचं गाणं बदलता येत नाही, एकदा अंदाजानं बोट लावलं तर व्याह्यांना व्हिडिओ कॉल लागला, रात्री पावणेबाराला.

म्हणून परवा लक्ष्मी रोडला चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या मुलानं आधी नव्या फॅशनच्या जाड काळ्या फ्रेमी काढल्या. म्हटलं दिसायला कशीही चालेल, दांडी बारीक हवी, तारेसारखी आणि डोक्याला चिकटून बसणारी. 

"जाड दांडीनं दुखतं का मॅडम? कानामागे?"

"दुखत नाही, बागेश्री गळते."

त्यानं फ्रेम खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि आधी नंबर तपासून घेऊ म्हणाला.