डायरेक्टचं इनडायरेक्ट: तक्ता पाठ करून भागत नाही

'इनडायरेक्ट स्पीच पाच मिनिटांत' अशा धर्तीचा एक मजकूर लोक हौसेने एकमेकांना पाठवत असतात. इनडायरेक्ट स्पीच म्हणजे दुसऱ्याचं बोलणं अवतरणाशिवाय आपल्या वाक्यात सांगणं. मजकुरातला दावा थोडक्यात असा: इन्व्हर्टेड कॉमा काढा, 'दॅट' घाला, काळ एक पायरी मागे न्या, 'हिअर'चं 'देअर' आणि 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे' करा, सर्वनामं सूत्राने बदला, वैश्विक सत्य तेवढं जसंच्या तसं ठेवा. हे गणितासारखं आहे, उत्तर चुकूच शकत नाही.

मी इंग्रजी शिकवते. हा तक्ता घडाघडा म्हणणारी मुलं कुणाचा साधा निरोप इंग्रजीत सांगताना अडखळतात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. तक्ता बदलायचे शब्द दाखवतो, पण ते का बदलतात हे सांगत नाही. बदलतात, कारण बोलणारा एक असतो आणि सांगणारा दुसरा. दोघांची जागा वेगळी, वेळही वेगळी. एवढं लक्षात आलं की अर्धा तक्ता पाठ करायची गरजच उरत नाही, आणि उरलेला अर्धा कुठे फसतो तेही दिसतं.

काळापासून सुरुवात करू. नियम मुळात खोटा नाही. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताच नील आर्मस्ट्राँग म्हणाले, 'दि ईगल हॅज लँडेड.' ('ईगल' हे त्यांच्या यानाचं नाव.) नंतर सांगणारा म्हणेल, 'आर्मस्ट्राँग सेड दॅट दि ईगल हॅड लँडेड.' इथे 'हॅज'चं 'हॅड' अगदी बरोबर. पण 'मागे न्यायचाच' हा हट्ट चूक आहे. मैत्रीण म्हणाली, 'आय लिव्ह निअर दि स्टेशन', आणि ती अजून तिथेच राहते. मग 'शी सेड शी लिव्ह्ज निअर दि स्टेशन' हेही शुद्ध आणि 'शी सेड शी लिव्ह्ड निअर दि स्टेशन' हेही शुद्ध. निवड सांगणाऱ्याची. आपल्याकडे 'ती स्टेशनजवळ राहते' आणि 'ती स्टेशनजवळ राहते म्हणे' यांत फरक आहेच ना? 'म्हणे' लावलं की आपण हमी घेत नाही, ऐकलेलं पुढे देतो. इंग्रजीतला मागे नेलेला काळ पुष्कळदा हेच काम करतो. नेहमी नाही, पण पुष्कळदा.

वैश्विक सत्याचं कलम या कसोटीवर लावून बघा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'कोपर्निकस सेड दॅट दि अर्थ गोज राउंड दि सन' हे ठीक, आणि 'वेन्ट' म्हटलं तरी व्याकरण मोडत नाही. आता दुसऱ्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी घ्या. त्याच्या मते सूर्य पृथ्वीभोवती फिरत होता, आणि त्याच्या काळी तेच वैश्विक सत्य होतं. आज 'टॉलेमी सेड दॅट दि सन गोज राउंड दि अर्थ' असं लिहिलं, तर आपणही ते मानतो असा भास होतो. म्हणून 'वेन्ट' बरं. म्हणजे प्रश्न वाक्य वैश्विक आहे का हा नाहीच. सांगणारा त्याच्या मागे उभा आहे का, हा आहे.

'साध्या भूतकाळाचा पास्ट परफेक्ट करा', म्हणजे 'वॉज'चं 'हॅड बीन' करा, हेही असंच डोळे मिटून केलं जातं. 'आय वॉज बॉर्न इन २००१' याचं 'ही सेड ही वॉज बॉर्न इन २००१' एवढंच पुरतं. 'इफ आय वेअर यू'मधलं 'वेअर' तर हलतच नाही. आणि 'मस्ट'चं 'हॅड टू' करायला निघालात, तर आधी अर्थ बघा. 'यू मस्ट बी टायर्ड' हा अंदाज आहे, सक्ती नव्हे. तिथे 'शी सेड आय मस्ट बी टायर्ड' असंच राहतं.

आता 'हिअर' आणि 'टुमारो'. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातून जॅक स्वायगर्ट म्हणाले, 'ओके ह्यूस्टन, वी हॅव हॅड अ प्रॉब्लेम हिअर.' पृथ्वीवरून सांगणारा 'देअर' म्हणेल. पण यानातलाच सहकारी यानात बसूनच ते सांगत असेल, तर तो 'देअर' कशाला म्हणेल? तो अजून तिथेच आहे. त्याच्यासाठी ते 'हिअर'च. 'टुमारो'चंही तेच. रिया आज सकाळी म्हणाली, 'आय विल कॉल यू टुमारो.' आज संध्याकाळी मी सांगणार, 'रिया सेड शी वुड कॉल मी टुमारो.' 'द नेक्स्ट डे' म्हटलं तर समोरचा विचारेल, कशाचा नेक्स्ट डे? आठवड्याने सांगताना मात्र 'द नेक्स्ट डे' हवंच.

सर्वनामांच्या सूत्राचं नाव एस-ओ-एन: पहिला पुरुष कर्त्याप्रमाणे, दुसरा कर्माप्रमाणे, तिसरा बदलायचा नाही. तिसराही बदलतो. साहेब माझ्याकडे बोट दाखवून रवीला म्हणाले, 'शी इज ऑनेस्ट.' मी सांगणार, 'ही टोल्ड रवी दॅट आय वॉज ऑनेस्ट.' सूत्र धरून 'शी' ठेवलं, तर मी त्या वाक्यातून गायब.

पण सर्वनामांचं खरं दुखणं निराळं आहे, आणि त्याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही. 'राजू म्हणाला की मी चुकलो' या मराठी वाक्यात चुकलं कोण? राजूही असू शकतो, मीही. संदर्भावरून आपल्याला कळतं. इंग्रजीत 'राजू सेड दॅट आय वॉज राँग' म्हटलं की चूक माझ्याच पदरात. सूत्राला आधी हातात अवतरणातलं तयार वाक्य लागतं. बोलताना ते कोण देतं? डोक्यात मराठी वाक्य असतं, 'की'च्या जागी 'दॅट' येतं आणि मागचं सगळं तसंच इंग्रजीत उतरतं.

प्रश्नांतही हाच 'की' घात करतो. 'त्याने विचारलं की तू कुठे चाललास' यावरून 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग' हे वाक्य मी इतक्या वेळा तपासलं आहे की बघताक्षणी हात लाल पेनाकडे जातो. 'दॅट' नको, आणि प्रश्नाचा उलटा शब्दक्रमही नको: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' प्रश्न विचारताना शब्द उलटे करायची सवय मराठीला नाही, म्हणून ते परत सुलटे करायचं सुचत नाही. मजकुरात 'इफ' नाहीतर 'व्हेदर' घाला एवढं सांगून पुढचा मुद्दा सुरू होतो.

'सेड टू'चं 'टोल्ड' करा, हे चालेल. फक्त 'टोल्ड'नंतर कुणाला ते यायलाच हवं, आणि 'सेड मी' कधीच नाही.

परीक्षेत तक्त्याप्रमाणेच उत्तर मागत असतील तर तसं लिहा, गुण सोडू नका. पण उद्गारवाचक वाक्यांसाठीचं ठरीव 'एक्सक्लेम्ड विथ जॉय' तेवढ्यापुरतंच ठेवा. माणसं सांगताना कृती सांगतात. कुणी 'थँक यू' म्हटलं की 'शी थँक्ड मी'. 'लेट्स वेट' म्हटलं की 'शी सजेस्टेड वेटिंग'. 'आय ॲम सॉरी आय ॲम लेट'चं 'ही अपॉलजाइज्ड फॉर बीइंग लेट'. आणि 'आय वोन्ट साइन धिस' याचं तक्त्यातून 'ही सेड दॅट ही वुड नॉट साइन दॅट' असं निघतं. माणूस मात्र 'ही रिफ्यूज्ड टू साइन इट' एवढंच म्हणतो. त्यात ना 'दॅट' आहे, ना मागे नेलेला 'वुड'.