पेटंट मोजावं, विकू नये

नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य विभागाच्या संचालकपदी नेमणूक झाली, अभिनंदन. नाव लांब आहे, तेव्हा दारावरच्या पाटीचं माप सुताराला आधीच देऊन ठेवा. बाकी काम सोपं आहे. विद्यापीठातलं संशोधन बाजारात जातंय असं दिसलं पाहिजे. ते खरोखर जाणार नाही याची काळजी मात्र तुम्हालाच घ्यायची आहे.

आधी संख्या. एनआयआरएफ या संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत प्रसिद्ध आणि मंजूर पेटंटांना गुण आहेत. मंजुरीला वर्षं लागतात, तिच्या नादी लागू नका. प्रसिद्ध व्हायला मात्र नुसता अर्ज पुरतो, 18 महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो. तेवढं थांबवत नसेल तर लवकर प्रसिद्धीचा फॉर्म 9 भरा, महिन्याभरात काम होतं. 2021 पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात 80 टक्के सूट आहे, म्हणजे 8000 चा ऑनलाइन अर्ज 1600 रुपयांत. एवढ्या स्वस्तात पूर्वी परिसंवादाचे बॅनरसुद्धा होत नसत. सोळाशेत पाच जणांची नावं लावा, पदोन्नतीच्या फायलीही जाड होतील.

धोका एकच. कधीतरी एखादी पीएचडीची मुलगी खरोखर चालणारी वस्तू घेऊन येते. समजा, पाण्यातलं फ्लोराइड काढणारा फिल्टर: पाईपचा उभा तुकडा, आत अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचे फ्लोराइड पकडणारे पांढरे दाणे, खाली तोटी. घाबरू नका. तिला आधी पेपर छापायला लावा आणि प्रबंध शोधगंगा या सर्वांना खुल्या संकेतस्थळावर चढवून टाका. एकदा जगजाहीर झालं की नावीन्य संपलं, मग पेटंटचा अर्ज म्हणजे वरात निघून गेल्यावर वाजवलेला बँड. विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधाला पेटंट कायद्याच्या कलम 31 खाली 12 महिन्यांची सवलत आहे. ती खासगी प्रकाशकाच्या जर्नलला लागत नाही, असं सांगत कोणी आलंच तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चाचणी प्रयोगशाळेतच उरकावी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड विरघळवलं की आलेख देखणा येतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरचं पाणी चुकूनही आणू नका. अ‍ॅल्युमिनाला साडेपाच-सहाचा पीएच, म्हणजे किंचित आम्ल पाणी, मानवतो आणि बोअरचं पाणी बहुधा सातच्या वर असतं. त्यातलं बायकार्बोनेट तर जनरलच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरणाऱ्यासारखं दाण्यांवर आधीच जाऊन बसतं. फ्लोराइड बिचारं उभ्याने प्रवास करत तोटीतून बाहेर, आणि पिण्याच्या पाण्यातली लिटरला दीड मिलिग्रॅमची मर्यादा अपेक्षेच्या कितीतरी आधी ओलांडली जाते. दाणे थकले की कॉस्टिक सोड्याने धुवायचे, मग आम्लाने पीएच जागेवर आणायचा. हे गावात कोण करणार आणि ते सांडपाणी कुठे ओतणार? अहवालात हा प्रश्न नको. कारखानदार पहिल्या भेटीत नेमका तोच विचारतो.

म्हणून कारखानदाराला भेटूच देऊ नका. एमआयडीसीतला कोणी छोटा उद्योजक आलाच तर रॉयल्टीची भाषा टाळा, एकरकमी पन्नास लाख मागा. आकडा कशावरून काढला असं तो विचारेल, तेव्हा गंभीर चेहरा ठेवा. मग फाईल विधी विभाग, वित्त व लेखा, व्यवस्थापन परिषद अशी फिरू द्या. लेखा विभागाची एक शंका परत आली की सहा महिने सहज जातात, तोवर तो माणूस आरओची मशीनं विकायला लागलेला असतो.

मुलगी स्वतःच कंपनी काढते म्हणाली तर 2019 चं स्टार्टअपविषयीचं राष्ट्रीय धोरण दाखवा. सुविधांच्या बदल्यात संस्थेला कंपनीत 2 ते 9.5 टक्के हिस्सा घेता येतो असं त्यात आहे. एक टेबल आणि अधूनमधून चालणारं वायफाय देऊन सरळ साडेनऊ मागा, खालचा आकडा वाचूच नका. अनुदानातून पंप घ्यायचा असेल तर सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, खरेदी समिती, एल-वन म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा. सगळ्यात स्वस्त पंप येईल, फक्त दाब कमी पडेल. अनुदान खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र मार्चअखेर जाईल, पंप डेडस्टॉक रजिस्टरात चढेल आणि मग विद्यापीठाची मालमत्ता म्हणून कंपनीच्या शेडमध्ये नेताच येणार नाही. निर्लेखनाला, म्हणजे वस्तू नोंदीतून काढायला, वेगळी समिती लागते, ती अजून नेमायची आहे.

इतकं करूनही पेटंट मंजूर झालंच, तर तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण आहे, सुरुवातीला वर्षाला 800 रुपये. पत्रव्यवहाराचा ईमेल त्या मुलीचाच ठेवा. ती नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली की तिचा विद्यापीठाचा ईमेल पत्ता बंद होतो आणि आठवणीची नोटीस कोणालाच मिळत नाही.

फिल्टर मात्र टाकू नका. मुख्य इमारतीच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात ठेवा, खाली निळा दिवा लावा. नॅकची समिती आली की चालू करून दाखवायचा. फक्त शिपायाला बजावून ठेवा, पाणी आरओचंच ओतायचं.