शहर कुणाचं, या भांडणानं ब्रनोचं काय केलं

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाचं अधिवेशन भरलं की महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, धरपकड आणि आमच्या घरच्या ग्रुपवर वाद, हे ठरलेलं. यंदा आतेभावानं लिहिलं, ‘सीमाप्रश्न सोडा आता, कानडी शिका, नोकऱ्या बघा.’ काकांनी सीमालढ्यातल्या १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांची आठवण करून दिली. मी झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोत नोकरी करते. या शहराचा इतिहास दोघांनीही वाचावा असं मला मनापासून वाटतं.

एकोणिसाव्या शतकात ब्रनो ही मोराविया प्रांताची राजधानी. सत्ता व्हिएन्नातल्या हाब्सबर्ग सम्राटाची. शहरात जर्मन बोलणारे जास्त, भोवतालच्या गावांत झेक. कापडगिरण्या वाढल्या तशी गावाकडची माणसं शहरात आली. १८७३ मध्ये झेक लोकांनी आपलं सभागृह उभारलं, १८९१ मध्ये जर्मनांनी आपलं, तेही हाकेच्या अंतरावर. १९०५ च्या ऑक्टोबरात झेक विद्यापीठाच्या मागणीवरून शहर पेटलं, लष्कर आलं आणि फ्रांटिशेक पावलिक हा तरुण कामगार संगिनीच्या घावानं गेला. पुढच्याच महिन्यात प्रांताच्या विधिमंडळात तडजोड झाली. झेक मतदारांची यादी वेगळी, जर्मनांची वेगळी. घरात दोन्ही भाषा बोलणाऱ्यालाही एक बाजू निवडावी लागे. हा दोष लहान नाही. तरी मला ती तडजोड मोलाची वाटते, कारण तिनं हक्क माणसाला दिला. तो प्रांतात कुठल्याही गावी राहो, त्याची भाषा त्याच्याबरोबर जाई.

ते टिकलं नाही. १९१९ मध्ये भोवतालची २३ गावं शहरात घेतली आणि झेक बहुसंख्य झाले. १९३९ मध्ये नाझी आले, त्यांनी माणसं मारली. त्याचा सूड म्हणून १९४५ च्या मे अखेरीस वीस हजारांवर जर्मन, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, पायी ऑस्ट्रियाच्या सरहद्दीकडे हाकलली गेली. शेकडो मेली. झेकांच्या सभागृहात आजही फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या मैफली होतात. जर्मनांचं पाडलं, तिथे बाग आहे, दुपारी लोक बाकांवर डबा खात बसतात. महापालिकेनं या हकालपट्टीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो २०१५ मध्ये, ७० वर्षांनी.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये कंपनीनं घेतला. पुढे मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाचा कमिशनर तिथे बसे, आणि शेजारचं शहापूर मात्र सांगली संस्थानचं. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. माझी आजी तेव्हा मारुती गल्लीतलं घर सोडून कुठेही गेली नव्हती. आतेभावाला मला हेच सांगायचंय. ब्रनोत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात सगळे कागद झेकमध्ये असतात. मी दुभाषी घेऊन जाते आणि तक्रार करत नाही, कारण मी आपणहून आले. आजी आपणहून कुठल्या राज्यात गेली? बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शेतकऱ्याला उतारा मराठीत हवा, यात जुनाट काही नाही. तो कानडी शिकलेला असला तरीही. घटनेचं ३५०-अ कलम प्राथमिक शिक्षणाची सोय मातृभाषेतून करायला सांगतं, ३५०-ब भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमायला.

काकांशी माझं भांडण वेगळं आहे. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सुचवली, आणि तेव्हापासून आपणही गावंच मोजतोय. खडेबाजारातला दुकानदार गिऱ्हाइकाला भाव मराठीत सांगतो आणि मान वळवून पोऱ्याला कानडीत माल काढायला सांगतो. त्याला कुठल्या बाजूला धरणार? २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. पण बेळगाव उद्या महाराष्ट्रात आलं, तर तिथल्या कानडी माणसाला शाळेत, कचेरीत, बसच्या पाटीवर काय मिळणार? हे समितीनं आजच लेखी जाहीर करावं. महाराष्ट्रातल्या जत आणि अक्कलकोटात कानडी शाळा आहेत. त्यांना वेळेवर शिक्षक आणि पुस्तकं मिळावीत, तहसीलदारानं कानडी अर्ज घ्यावा, ही मागणी बेळगावच्या मराठी माणसानं मुंबईत जाऊन करावी, आणि त्याच मागणीपत्रावर बेळगावचं नाव घालून बंगळूरला द्यावं.