वाढप्यांना काही गोंडोला वल्हवायचा नाहीये

‘घरच्या घरी इटालियन डिनर’ असा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर बराच फिरतोय. त्यातल्या मेन्यूबद्दल माझी तक्रार नाही. पण वाढप्यांसाठी त्यात जो ‘इटलीचा पारंपरिक पोशाख’ सांगितलाय, तो असा: आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट, उंच पांढरी टोपी, वर सॅटिनचं जाकीट, हातमोजे, चकचकीत काळे बूट आणि मुलींना तोकडा स्कर्ट. सांगली-मिरजेकडे आता वाढदिवसालाही पास्ता-रिसोटोचे बेत होतात. हे असलं सोंग भाड्याने आणून कॉलेजच्या पोरांच्या अंगावर चढवू नये, एवढ्यासाठी लिहितोय.

पट्ट्यांचा टी-शर्ट व्हेनिसच्या गोंडोला वल्हवणाऱ्या नावाड्यांचा. वाढप्यांशी त्याचा संबंध नाही. ती उंच ताठ टोपी तर इटलीचीही नाही, फ्रेंच स्वयंपाकघरातली आहे, आणि ती घालतो आचारी. इटलीत घरगुती वळणाच्या खानावळीला त्रात्तोरिया म्हणतात. तिथला वेटर बहुधा साधा शर्ट, काळी पँट आणि कमरेला लांब अ‍ॅप्रन एवढ्यावर दिसतो. जरा बड्या हॉटेलात वेस्टकोट किंवा जाकीट येतं, पण तिथे एसी असतो.

आपल्याकडे पंगत गच्चीवर. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि रात्री नवालाही गच्चीची फरशी तापलेली असते. ‘सॅटिनने रिच लुक येतो’ असं मेसेज म्हणतो. भाड्याचं सॅटिन म्हणजे बहुतेक वेळा पॉलिस्टर. ते घाम शोषत नाही, म्हणजे दुसऱ्या फेरीलाच पोरगं ओलंचिंब. त्याहून वाईट म्हणजे टेबलावर मेणबत्त्या आणि गरम ठेवायच्या भांड्यांखाली जळते बर्नर असतात. सुती कापडही पेट घेतं, पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. शेजारी इचलकरंजीत सुती कापडाचे माग धडधडत असताना हा धोका विकत कशाला घ्यायचा?

‘हातमोजे म्हणजे स्वच्छता’ हेही खरं नाही. कापडी मोजा तेल आणि सॉस शोषतो, नंतर तोच पुढच्या ताटाला लागतो. शिवाय चिनी मातीची प्लेट त्यातून निसटते ती वेगळीच. हात साबणाने धुतलेले असावेत आणि स्पॅगेटी चिमट्याने वाढावी.

स्कर्टबद्दल काय बोलायचं! मुलींनाही तोच शर्ट, तीच पँट, नाहीतर सुती कुर्ता. केस बांधलेले.

बुटांचा मुद्दा मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेलाच दिसत नाही. आपल्या घरात चपला दाराबाहेर निघतात. बूट घालून माजघरातून ये-जा करणारा वाढपी पाहून घरातल्या आजींचं जेवण तिथेच थांबेल. पण अनवाणी वाढायला लावणंही बरोबर नाही, उकळत्या पास्त्याचं पातेलं उचलणाऱ्याला तर मुळीच नाही. रबरी तळाचे, पाय झाकणारे, धुतलेले कॅनव्हास बूट फक्त घरात वापरायला वेगळे ठेवा आणि आजींना आधी सांगून ठेवा.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला पटते: वाढपी पाहुण्यांना चटकन ओळखू यायला हवेत. नाहीतर आपल्याकडे नवा जावईच पाण्याचा जग घेऊन फिरताना दिसतो. ओळखीसाठी एकसारखे अ‍ॅप्रन पुरतात. गडद हिरवा किंवा मरून रंग घ्या. पूर्ण काळा नको, त्यावर चीजचा कीस आणि मैदा उठून दिसतो. कमरेचा अ‍ॅप्रन साधारण मीटरभर कापडात होतो, गल्लीतला शिंपी शिवून देईल. माणशी दोन शिवून घ्या, कारण टोमॅटोचा सॉस पहिल्या वाढपातच अंगावर येतो आणि शेवटचं गोड म्हणून टिरामिसू आणणाऱ्याच्या पोटावर तो डाग बरा दिसत नाही.