त्सुन्यीची माडी आणि लूशानचं पत्र

चीनची क्रांती म्हटलं की आपल्याकडे १ ऑक्टोबर १९४९ ही तारीख सांगून लोक मोकळे होतात. मला विचाराल तर वाट बदलली ती त्याआधी चौदा वर्षं. जानेवारी १९३५, क्वीचौ प्रांतातलं त्सुन्यी, एका दुमजली घराची माडी.

ऑक्टोबर १९३४ मध्ये च्यांग काय-शेकच्या फौजांच्या वेढ्यातून निसटून, च्यांगशी प्रांतातून कम्युनिस्टांच्या लाल सेनेची सुमारे ८६ हजार माणसं 'लाँग मार्च'ला निघाली होती. सोबत छपाईची यंत्रं, शिवणयंत्रं, अगदी क्ष-किरण यंत्रसुद्धा. अख्खं बिऱ्हाड खांद्यावर घेऊन लढायचं कसं? श्यांग नदी ओलांडेपर्यंत कुणी मेले, कुणी पांगले, आणि पलीकडे तीसेक हजारच उरले. तिथले लोक म्हणत, तीन वर्षं श्यांगचं पाणी पिऊ नका, दहा वर्षं तिचा मासा खाऊ नका. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या वाटेवर आजारी माओ आणि जखमी वांग च्याश्यांग, दोघांनाही डोलीतून नेत होते. चुकलं कुठे, हाच दोघांच्या बोलण्याचा विषय. मग त्सुन्यीत पक्षाचे आणि सैन्याचे वीसेक नेते बैठकीला बसले. युद्धाची सूत्रं ज्या तिघांच्या हाती होती, त्यांच्यातल्याच चौ एन-लाय यांनी आपली चूक कबूल केली. दुसरे, जर्मन सल्लागार ओटो ब्राउन, दाराशी बसून दुभाष्याच्या तोंडून स्वतःवरची टीका ऐकत होते. मॉस्कोशी बिनतारी संपर्क तुटलेला, त्यामुळे वर विचारायची सोयच नव्हती!

इथे माओंचं नेतृत्व उभं राहिलं, असं चिनी पक्ष सांगतो. खरं तर ते तेव्हा पक्षाच्या स्थायी समितीत, म्हणजे सर्वोच्च मंडळात आले, एवढंच. पुढच्या महिन्यात पक्षाची धुरा गेली चांग वनथ्येन यांच्याकडे. मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. चाललंय ते चुकतंय, हे चालवणाऱ्यांना तोंडावर सांगता आलं आणि सांगणाऱ्याचं डोकं उडालं नाही.

म्हणूनच १९५९ चं लूशान, म्हणजे तिथली पक्षाची बैठक, मला फार लागतं. त्सुन्यीच्या बैठकीत असलेले पेंग दह्वाय तेव्हा संरक्षणमंत्री होते. 'मोठ्या झेपे'त, म्हणजे शेती आणि उद्योग झपाट्याने वाढवण्याच्या माओंच्या मोहिमेत, काय बिघडतंय, ते त्यांनी १४ जुलैला माओंना पत्रातून कळवलं. पत्र खासगी होतं. माओंनी ते छापून बैठकीत वाटलं. पेंग यांचं पद गेलं, धोरण तसंच रेटलं गेलं आणि दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली.

सांस्कृतिक क्रांतीत पेंग यांचे अतोनात हाल झाले. १९७४ मध्ये ते गेले, तेव्हा दहनसुद्धा खोट्या नावाने झालं. त्यांचं स्वतःचं नाव त्यांना परत मिळालं डिसेंबर १९७८ मध्ये.