ग्रहणात मुसळ उभे राहते, पण एरवीही राहते

ग्रहण लागले की परातीतल्या पाण्यात मुसळ आपोआप उभे राहते आणि सुटले की पडते, असा निरोप दर ग्रहणाला विदर्भातल्या गावोगावी फिरतो. मुसळ उभे राहते, हे खरे आहे. ग्रहणामुळे राहते, हे खोटे.

मुसळ समजा ९० सेंटिमीटर लांब आणि सारख्या जाडीचे आहे, बूड सपाट व ५ सेंटिमीटर रुंद आहे. त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरता येते तो बिंदू, मधोमध, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर येतो. तिथून खाली सोडलेली रेषा बुडाच्या आत पडते तोवर ते उभे राहील. शेंडा सुमारे ५ सेंटिमीटर कलला, की पडणारच.

चंद्राची ओढ? पृथ्वीच्या ओढीच्या जेमतेम तीन लाखावा भाग, आणि सूर्यग्रहण नसलेल्या अमावस्येलाही जवळपास तेवढीच.

साध्या दिवशी करून बघा. शेणाने सारवलेली जमीन उंचसखल असते, म्हणून परात फरशीवर ठेवा. पाणी बोटभर, काठाशी सगळीकडे सारखे दिसले की परात समतल. मुसळ दोन्ही हातांनी सरळ धरा, डुलणे थांबल्यावर हळूच सोडा. कांडून बूड गोलसर झालेले मुसळ मात्र ग्रहणातही उभे राहणार नाही. लेकरांना लांब बसवा, मुसळ जड असते.